सुताराचं वाकस आणि दारातलं झाड

लढाया आणि तह यांच्याबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज मात्र मी समोर एक अवजार ठेवलं आहे. वीतभर लांबीचं लोखंडी पातं, आडवी धार, आखूड लाकडी दांडा. याला वाकस म्हणतात. तुमच्यापैकी कुणी बडोद्यात असेल, कुणी इंदुरात, कुणी बेळगावात किंवा हैदराबादेत. पण आजोळी माळ्यावर पडलेलं असं एखादं अवजार अनेकांनी पाहिलेलं असेल. ते भंगारात घालण्याआधी त्याची गोष्ट ऐका. या गोष्टीत एक प्रश्न दडलेला आहे: दारातलं झाड नेमकं कुणाचं?

आधी सुताराकडे जाऊ. बारा बलुतेदारांत सुताराचं स्थान थोरल्या ओळीत होतं. कारण साधं आहे. नांगर मोडला की शेत थांबतं. नांगर, कुळव, पाभर, तिफण, मोटेचं चाक हे सगळं त्याच्याच हातचं. घरातही तसंच. पाळणा त्याचा, पाट-पोळपाट त्याचा, पीठ मळायची काठवट त्याची, ताक घुसळायची रवी आणि कांडायचं मुसळही त्याचंच. शेतीच्या अवजारांच्या कामाबद्दल त्याला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. घराचं किंवा गाडीचं मोठं काम निघालं तर त्याची मजुरी बहुतेक ठिकाणी वेगळी ठरे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या पुस्तकात ही सगळी घडी मांडली. तिच्यातली कुरबुर, अडवणूक आणि जातीची चौकटही त्यांनी झाकून ठेवली नाही. तेव्हा जुन्या गावाचं गोड चित्र रंगवायचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट खरी की कोणतं लाकूड कशाला लागतं, हे गावात माहीत होतं. नांगराला आणि चाकाला बाभूळ, कारण ती चिवट असते आणि दणके सोसते. मुसळाला खैर. कोकणात तुळयांना ऐन किंवा किंजळ, दाराला आणि देव्हाऱ्याला फणस. परवडलं तर साग.

आता या सागामुळे आणि फणसामुळे आपण थेट राज्यकारभारात शिरतो. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. राज्य कसं चालवावं याचा तो मराठीतला फार मोलाचा दस्तऐवज आहे. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. आशय असा: आरमाराला तक्ते, सोट, डोलकाठ्या लागतात. राज्यातला साग-शिसव परवानगीनं तोडावा, कमी पडला तर परमुलखातून विकत आणावा. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं आहे, पण त्याला हात लावू नये. ती झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. जुनं, फळ न देणारं झाड असेल तर धन्याला राजी करून, किंमत देऊन तोडावं. जबरदस्ती करू नये.

हा मजकूर मोबाइलवर ‘शिवाजी महाराजांचं पत्र’ म्हणून फिरत असतो. मंडळी, इथे थोडं थांबायला हवं. महाराजांचं निधन १६८० साली झालं. हा मजकूर अमात्यांचा, त्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी लिहिलेला. अमात्य महाराजांच्या काळात घडलेले होते, त्यांचाच आदर्श समोर ठेवून लिहीत होते, एवढं आपण नक्की म्हणू शकतो. त्यानं मजकुराची किंमत कमी होत नाही. उलट समुद्रावर सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज टपलेले असताना, जहाजांची निकड असताना, एक अनुभवी कारभारी झाडाच्या मालकाची संमती मागायला सांगतो, ही गोष्ट मला जास्त मोठी वाटते.

याच किनाऱ्यावर दुसरी गोष्ट सुरू झाली. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार मुंबईत आले. त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली. त्यांतलं ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते आजही तरंगतं आहे. सागाचं एवढं कौतुक का? एक तर त्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि कुजणं दोन्ही लांब राहतात. दुसरं, तो वाळताना फार आकसत नाही. तिसरं, ओकच्या लाकडातल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागात ते टिकतात. नेपोलियनशी लढताना इंग्लंडात ओक कमी पडू लागला, तेव्हा सगळ्यांच्या नजरा मलबारच्या सागाकडे वळल्या.

१८०६ साली कंपनीनं कॅप्टन वॉटसन यांना मलबारच्या जंगलांवर नेमलं आणि सागावर मक्तेदारी बसवली. स्वतःच्या जमिनीतला साग मालकाला विकता येईना. जमीनदार आणि व्यापारी दोघंही चिडले. शेवटी थॉमस मन्रो मद्रासचे गव्हर्नर असताना, १८२३ मध्ये, ते पदच रद्द झालं. पण तोवर चांगला साग बराच निघून गेला होता. १८४० च्या दशकात निलंबूरला कलेक्टर कॉनली यांनी, चातू मेनन यांच्या मेहनतीच्या जोरावर, सागाची लागवड सुरू केली. जे जंगलानं फुकट दिलं होतं, ते आता बी पेरून उभं करायची वेळ आली.

पुढे रेल्वे आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी कुठच्या कुठे गेली. १८६४ साली वनखातं, १८६५ साली पहिला वनकायदा, १८७८ साली दुसरा, जास्त कडक. जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्राम अशी वर्गवारी झाली. कागदावर ही वर्गवारी सरळ दिसते. गावात तिचा अर्थ असा झाला की कालपर्यंत जो हक्क होता तो आज सवलत बनला. सवलत काढूनही घेता येते. नांगराला लागणारं लाकूड, सरपण, चारा या प्रत्येक गोष्टीला आता परवानगी लागू लागली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हीच तक्रार केली. डोंगर आणि गायरानं जंगलखात्यात गेली, शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, असं ते तळमळून सांगतात.

ही तक्रार पुढे पन्नास वर्षं धुमसत राहिली. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, माणसं मेली. मिठाचा सत्याग्रह आपल्याला पाठ असतो. विळा-कोयत्याचा हा सत्याग्रह मात्र त्या-त्या तालुक्याबाहेर फारसा आठवला जात नाही.

आणि सुताराचं काय झालं? त्याला एकट्या कायद्यानं मारलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडानं जमीन नासेल ही भीती हळूहळू गेली. नांगर खोल जाऊ लागला, शेतकऱ्याचं भलं झालं. पण खळ्यावरचा सुताराचा वाटा आटला. इतिहासात अनेकदा एकाच्या सोयीची किंमत दुसरा मोजतो. ती कुणी मोजली एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

आता माळ्यावरच्या त्या अवजारांकडे परत येऊ. ती वापरायची असतील तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, दांड्याची. दांडा हलत असला की लोक अवजार रात्रभर पाण्यात टाकतात. दांडा फुगतो, घट्ट बसतो, आणि वाळला की आधीपेक्षा जास्त हलतो. त्यापेक्षा वाळलेल्या लाकडाची पाचर मारा. निसटलेलं पातं पायावर येतं, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

दुसरी, धारेची. वाकसाला आतून, म्हणजे दांड्याकडच्या बाजूनं, उतार असतो. तिथूनच घासा. बाहेरची बाजू सपाट ठेवा, नाहीतर पातं लाकडात शिरायऐवजी वरून घसरतं. गंज तेल आणि काथ्यानं काढा. वेगानं फिरणाऱ्या सहाणेवर पातं निळं पडेपर्यंत घासलं की पाणी उतरलं म्हणून समजा. आणि करवत हातात आली की आधी दात पाहा. ते मुठीकडे झुकलेले असतील तर ती ओढीची करवत आहे, आपली जुनी पद्धत. तिला ढकलून कापलंत तर पातं वाकेल.

तिसरी, लाकूड वाळवण्याची. ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी बुंध्याभोवती खोल खाच घेऊन झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही आणि मग नदीतून वाहून नेता येत नाही. आपल्याला एवढं करायला नको. फळ्या सावलीत रचा, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवा, टोकांना मेण किंवा जुना रंग लावा. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात आधी जातं आणि चीरही तिथेच पडते.

चौथी, तोडण्याची. झाड आपल्या बांधावरचं असलं तरी आधी नियम विचारा. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. वनकार्यालयात एक फेरी मारा. घरच्या झाडासाठी परवानगी मागायची वेळ का आली, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

आणि कायद्याआधी अमात्यांचा सवाल स्वतःला विचारा. हे झाड कुणी वाढवलं? त्याला, किंवा तिला, आपण विचारलं का? पुष्कळ घरांत दारातल्या फणसाला पहिली चार वर्षं पाणी घालणारी आजी असते, आणि तोडायचा निर्णय घेणारे दुसरेच असतात. तिला आधी विचारा. भेटू पुढच्या भागात.