कुलाब्याची आगगाडी

विरारहून किंवा बोरिवलीहून आलेला प्रवासी चर्चगेटला उतरतो, तेव्हां त्यास वाटतें कीं, येथें मुंबई संपली म्हणून रूळही संपले. वस्तुस्थिति तशी नाहीं. हे रूळ एके काळीं चर्चगेटच्या पुढें थेट कुलाब्यापर्यंत गेले होते, आणि १९३० सालच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांवरून गाड्या धांवत होत्या. हा मार्ग कां झाला व कां मोडला, याचा शोध घेऊं लागलें असतां एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. समुद्र हटविण्याच्या एका खटाटोपानें त्यास जन्म दिला, आणि तशाच दुसऱ्या खटाटोपानें त्याचा अंत केला.

कुलाबा हें मूळचें निराळें बेट. १८३८ सालीं बांधलेल्या रस्त्यानें तें मुंबईस जोडलें गेलें, आणि लौकरच तेथें कापसाची मोठी पेठ वसली. पुढें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें (१८६१-६५). इंग्लंडच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला व मुंबईंत पैशाचा पूर आला. त्या पुराच्या धुंदींत बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन काढण्यासाठीं एक कंपनी निघाली, आणि एक वावही जमीन वर येण्यापूर्वीं तिच्या शेअरांचे भाव आकाशास भिडले. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला आणि कंपनीसह कित्येक पेढ्या बुडाल्या. मागें राहिली ती किनाऱ्यालगतची भरावाची एक अरुंद पट्टी. १८६४ सालीं ग्रँट रोडपर्यंत आलेली बी. बी. अँड सी. आय. कंपनीची आगगाडी याच किनाऱ्यानें दक्षिणेकडे सरकली. १८७० सालीं चर्चगेट स्टेशन झालें, आणि १८७३ च्या सुमारास गाडी कुलाब्यास पोंचली. श्रीमंतांच्या दिवाळखोरींतून सामान्य माणसाची सोय निघाली, ती अशी.

१८९६ सालीं कुलाब्यास नवें स्टेशन उभें राहिलें. गुजराथेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या येथूनच सुटत, आणि उपनगरांतून कचेऱ्यांत येणारे कारकून व व्यापारी येथेंच उतरत. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. या मार्गाचें आयुष्य आतां फार थोडें उरलें आहे, अशी शंका त्या दिवशीं किती जणांस आली असेल?

परंतु संकट आधींच सुरू झालेलें होतें. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या अमदानींत सरकारनें विकासखातें काढून बॅकबे पुन्हां बुजविण्यास घेतला. ११४५ एकर जमीन काढण्याचा बेत होता. गाळ ओतावा आणि तो भिंतींतून वाहून जावा, असा प्रकार झाला; खर्च भलताच वाढला; आणि बॅ. नरीमन यांनीं या कारभाराचे वाभाडे काढले. अखेर बेत आंखडून सुमारे ४४० एकरांवर आणावा लागला, व त्यांतील निम्म्याहून अधिक जमीन लष्करास गेली.

तरीही किनारा पुढें सरकला तो सरकलाच. पूर्वीं समुद्राच्या कडेनें जाणारे रूळ आतां जुनी वस्ती व नवी जमीन यांच्या मधोमध आले. दरम्यान कापसाची पेठही शिवडीकडे हलली होती. १८ डिसेंबर १९३० रोजीं बॉम्बे सेंट्रल उघडलें आणि लांबच्या गाड्या तेथें गेल्या. त्यानंतर तेराच दिवसांनीं, ३१ डिसेंबरच्या रात्रीं, कुलाबा स्टेशन बंद झालें. विजेच्या गाडीस तीन वर्षेंही पुरीं मिळालीं नाहींत.

रूळ काढणारांची बाजूही ऐकली पाहिजे. ते राहते, तर ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची ती देखणी घरांची रांग आज दिसते तशी दिसली नसती. आणि २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या समूहांत ती मोडते. लांबच्या गाड्यांसाठीं बॉम्बे सेंट्रल पुरेसें होतें, हेंही खरें. परंतु लोकल गाडीचें काय? याच भरावावर पुढें मंत्रालय आलें; नंतरच्या भरावावर नरीमन पॉइंट व कफ परेडच्या उंच कचेऱ्या आल्या. माणसांची गर्दी जेथें व्हावयाची, तेथूनच गाडी काढून घेतलेली! दोन पिढ्यांहून अधिक काळ लक्षावधि नोकरदारांनीं चर्चगेटला उतरून उरलेली वाट पायीं, बसनें वा टॅक्सीनें तुडविली. जमिनीची किंमत वहींत मांडतां येते. त्यांच्या रोजच्या अर्ध्या तासाची रक्कम कोणत्याच वहींत चढली नाहीं. आमच्या मतें खरी चूक हीच होय.

२०२५ सालीं भुयारी मेट्रो चर्चगेटवरून कफ परेडपर्यंत पोंचली. जमिनीवर तयार असलेली वाट मोडल्यावर पंचाण्णव वर्षांनीं तीच वाट अपार खर्च करून जमिनीखालून काढावी लागली.

जुन्या स्टेशनाच्या जागीं आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. कापसाच्या पेठेनें जातांना आपलें नांव तरी बरोबर नेलें. हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन स्टेशन अजून आहे. कुलाब्याच्या गाडीस तेवढेंही साधलें नाहीं. म्हणून चर्चगेटच्या फलाटाच्या टोंकाशीं उतरणाऱ्या वाचकानें क्षणभर दक्षिणेकडे पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.