पगाराच्या पावतीतले दोनशे रुपये

मागच्या पावसाळ्यात ऑफिसात एचआरवाल्यांचं एक प्रेझेंटेशन झालं. विषय अट्रिशन, म्हणजे माणसं कंपनी सोडून का जातात. भरपूर स्लाइड्स, तितकेच आलेख. आम्ही सगळे माना डोलावत बसलो होतो, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार होता की आपला नंबर कधी? (सोडून जाण्याचा हो, काढून टाकण्याचा नव्हे.) बाहेर आलो तर गेटवर नवा सिक्युरिटीवाला. वर्षभरातला चौथा. त्याच्यावर मात्र एकही स्लाइड नव्हती.

तिसरा जो होता तो आमच्याकडचाच. आमचं गाव अहमदपूर आणि लोह्याच्या मधे. लातूर जिल्हा कुठे संपला आणि नांदेड कुठे सुरू झाला हे तिथे एसटीच्या कंडक्टरलाच विचारावं. मी फोनवर आईशी बोलताना त्यानं ऐकलं आणि विचारलं, "सर, लोह्याकडचे का तुम्ही?" त्यानंतर 'सर'चा 'भाऊ' झाला. पहिल्या ठिकाणी एजन्सीचं कंत्राट गेलं म्हणून काम सुटलं, दुसऱ्या ठिकाणी सोसायटीनं गार्ड कमी केले म्हणून. मी शहाणपणानं विचारलं, "पण किमान वेतन तर देतात ना?" तो म्हणाला, "रेट सरकारी हाय भाऊ. पण ड्युट्या कुठं सरकारी हायत?"

पुढच्या महिन्यात तोही गेला. हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. रोजचा दर आणि कामाचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. मग आमच्याच भागाचा इतिहास या नजरेनं उलगडून पाहिला.

सुरुवात सालगड्यापासून करावी लागते. आमच्याकडे शेतातला गडी पाडव्याला 'सालानं' राहतो, या गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. रब्बी घरात आलेली असते, नवी पेरणी लांब असते, त्यामुळे हिशोबाला हीच वेळ बरी. माझ्या आजोबांच्या वहीत दर पाडव्याला नवं पान आहे. रोख किती, ज्वारी किती, कपड्यांचा जोड, चप्पल, पावसाळ्याआधी घोंगडं. खाली उचल, आणि त्याच्या खाली खाडे. आजारी पडला तरी खाडा, सासऱ्याच्या दहाव्याला गेला तरी खाडा. 'पेड लीव्ह'चा शोध आमच्या आजोबांपर्यंत पोचला नव्हता.

या व्यवस्थेला गोड म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पहाटेच्या शेणापासून रात्रीच्या पाणी देण्यापर्यंत काम, आणि बहुतेक वेळा जातही ठरलेली. गंमत अशी की दर पाडव्याला गडी बदलणं हे तिथे असुरक्षिततेचं लक्षण नव्हतंच. उचल फिटली असेल तोच मालक बदलू शकायचा. ज्याच्या अंगावर पैसे राहिले तो पुढच्या सालालाही तिथेच. वहीत एक नाव सलग सात पानांवर आहे. लहानपणी मला वाटायचं, किती इमानी माणूस! पण सातही पानांवर 'मागील बाकी' लिहिलेलं आहे, ते मी आत्ता मोठेपणी वाचलं.

याच्या दुसऱ्या टोकाला 'कायम'ची नोकरी. नांदेडात तिचं नाव उस्मानशाही मिल. निजामाच्या राज्यात सुरू झालेली ही कापड गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात एन.टी.सी.कडे गेली आणि पुढे बंद पडली. मिलमध्ये कायम असलेला जावई मिळाला की गावाकडे लग्न पटकन ठरायचं असं आजी सांगायची. पण असे जावई थोडे. बाकीचे जिनिंगमध्ये कापसाच्या हंगामापुरते, लातूरच्या डाळ मिलमध्ये तुरीच्या आवकेपुरते, नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला.

आता कायदा बघा. किमान वेतन कायदा आला मार्च १९४८ मध्ये. तेव्हा आमचा भाग भारतात नव्हताच, निजामाकडे होता. पोलीस ॲक्शन झाली त्याच वर्षी सप्टेंबरात. लातूर तर स्वतंत्र जिल्हाही नव्हता, उस्मानाबादेत होता, वेगळा झाला १९८२ ला. या कायद्याला एक परिशिष्ट होतं, ज्या धंद्यांत माणसं सर्वात जास्त पिळली जातात त्यांचं. त्यात डाळ मिल, तेल मिल, विडी, दगड फोडणं, रस्त्याची कामं आणि शेती, म्हणजे जवळजवळ आमच्या दोन्ही जिल्ह्यांचा बाजारच. पण त्यानं ठरवला तो दर. एक दिवस काम केलं तर किती द्यायचे, एवढंच. उद्या बोलावणार का, यावर एक अक्षर नाही. त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तिच्यातही किमान वेतन म्हणजे दरच.

कामाच्या दिवसांचा प्रश्न हातात घेतला तो महाराष्ट्रानं, आणि तोही दुष्काळानं गळा धरल्यावर. १९७२ चा दुष्काळ. आजी अजून मिलो ज्वारीच्या भाकरीची आणि सुकडीची चव सांगते (तोंड वाकडं करून). मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या काळात राज्यभर गेली. कायदा झाला १९७७ ला, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. काम मागायचं, १५ दिवसांत मिळालं पाहिजे, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे चेष्टाच. पण तत्त्व बघा. 'मला काम द्या' हा मजुराचा हक्क, आणि देणारा सावकार किंवा मुकादम नसून सरकार.

याचे पैसे कुठून आले? तुमची पगाराची पावती काढा. डिडक्शन्समध्ये पीएफच्या आसपास 'पी.टी.' दिसेल, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानं आला तो मुळात रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं भरायचा, गावातल्या बांधावर खर्च व्हायचा, आणि जमा होईल तेवढीच भर सरकारनं घालायची. मी पाच वर्षं हा कर भरतोय आणि मला वाटायचं की 'प्रोफेशनल' असल्याचा दंड आहे.

आणि मग १९८८. त्या वर्षी शेतमजुरांचं किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं आणि हमीची मजुरीही त्याच्या बरोबरीनं वाढली. कागदावर आनंदीआनंद. प्रत्यक्षात कामावरची हजेरी घसरली. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी पुढे आकडे तपासले, तर मजूर यायचे थांबले नव्हते, काम द्यायचं आखडतं घेतलं गेलं होतं. कायदा कुणी रद्द केला नाही. नवी कामं सुरूच करायची नाहीत, की झालं. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर सर्व्हर बंद केला नाही, फक्त रिक्वेस्ट क्यूमध्ये ठेवल्या. योगायोग असा की त्याच वर्षी साठाव्या घटनादुरुस्तीनं व्यवसाय कराची मर्यादा वर्षाला २५० वरून २,५०० रुपये केली. ती अजून तेवढीच आहे. आपले पगार कुठे गेले बघा!

नंतर २००५ ला केंद्रानं देशभरासाठी कायदा केला, घरटी शंभर दिवसांचा. शंभर दिवस चांगलेच, पण उरलेल्या दोनशे पासष्ट दिवसांसाठी पुण्याची बस असायची.

खरं तर त्या बसमधून उतरणाऱ्यासाठीही महाराष्ट्रानं एकदा डोकं लावलं होतं. १९६९ च्या माथाडी कायद्यात हमालाची नोंद मालकाकडे नाही, मंडळाकडे. व्यापारी बदलला तरी हमाल मंडळाचाच राहतो, आणि त्याचा पीएफही तिथेच साठतो. हीच युक्ती १९८१ ला सुरक्षा रक्षकांसाठी वेगळा कायदा करून वापरली. मला तरी ही कल्पना 'कायम नोकरी'पेक्षा हुशार वाटते, कारण काम बदलणार हे ती मान्यच करते. पण त्या कायद्यात सूट घ्यायचीही तरतूद होती, आणि आमच्या गेटवरचे चारही जण मंडळाचे नव्हते, एजन्सीचेच होते.

परवा पाडव्याला गावी होतो. त्या तिसऱ्याचा नंबर होता, फोन लावला. शेजारच्याच गावात निघाला. सालानं राहिलाय म्हणाला. किती ठरलं ते सांगितलं, आणि मी सवयीनं मनातल्या मनात ३६५ नं भागलं. गेटवरच्या रोजापेक्षा कमी भरत होतं. मी म्हटलं, "अरे, कमी आहे की हे."

"कमी हाय भाऊ. पण पुढच्या पाडव्यापर्यंत हाय."