पुडिंग म्हणजे नक्की काय? नाव एक, पदार्थ अनेक!

कासारवाडीत नाशिक फाट्याजवळच्या एखाद्या केक शॉपमध्ये 'एक पुडिंग द्या' म्हणून पाहा. समोर कॅरॅमल कस्टर्ड येईल, ब्रेड पुडिंग येईल किंवा कपातलं चॉकलेट पुडिंग. एकात अंडं असेल, दुसऱ्यात नसेल. अंडं वर्ज्य असणाऱ्यांनी किंवा त्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी नुसत्या नावावर विसंबून चालत नाही. असं का?

मूळ अर्थ गोड नव्हताच

'पुडिंग' हा शब्द बहुधा सॉसेज या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. ब्रिटनमधलं ब्लॅक पुडिंग आजही डुकराचं रक्त, चरबी आणि ओट्स किंवा बार्ली घालून करतात. यॉर्कशायर पुडिंग म्हणजे मैदा, अंडी आणि दुधाचं भाजलेलं बिनगोड पुडिंग. ते मांसाच्या रोस्टसोबत खातात. सुकामेवा घालून वाफवलेलं ख्रिसमस पुडिंग मात्र गोड. आज ब्रिटनमध्ये जेवणानंतरच्या कुठल्याही गोडाला पुडिंग म्हणतात, तर अमेरिकेत दूध-साखरेच्या घट्ट, मऊ पदार्थाला.

घट्ट कशाने होतं?

आपल्याकडे मिळणाऱ्या पुडिंगमधला खरा फरक इथे आहे.

- अंडं: कॅरॅमल कस्टर्ड आणि बऱ्याचदा ब्रेड पुडिंगही.
- कॉर्नफ्लोअर: कस्टर्ड पावडरचा मुख्य घटक हाच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ही पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती!
- जिलेटिन: हे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. त्याला शाकाहारी पर्याय म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारं चायना ग्रास.
- चीक: नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीचं दूध. ते वाफवलं की त्यातली प्रथिनं आपोआप घट्ट होतात. म्हणजे आपला खरवस हेही एक पुडिंगच, तेही बिनअंड्याचं! चीक नसेल तर काही जण चायना ग्रास घालून खरवस करतात.

घेताना काय पाहाल?

पाकिटावरची खूण पाहा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. भारतातल्या नियमांनुसार अंडं आणि जिलेटिन दोन्ही मांसाहारीत मोडतात. अ‍ॅलर्जी असेल तर घटकांची यादीही वाचा. सुटं पुडिंग घेताना 'व्हेज आहे का?' एवढंच विचारू नका. 'हे घट्ट कशाने केलंय?' असं विचारा.