जे हलतात, ते दिसत नाहीत

लुई दागेरनं १८३८ साली पॅरिसमधल्या ‘बुलव्हार द्यु ताँप्ल’ या रस्त्याचा वरच्या खिडकीतून फोटो काढला. उजेड भरपूर, कडेला इमारती आणि झाडांची रांग, पण रस्ता ओस पडलेला. प्रत्यक्षात तो गजबजलेला होता. एक्स्पोजर काही मिनिटांचं असल्यामुळे घोडागाड्या आणि माणसं येऊन निघूनही गेली, तांब्याच्या पत्र्यावर त्यांचा ठसा उमटलाच नाही. खालच्या कोपऱ्यात एकच माणूस नीट दिसतो, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. फोटोत आलेला बहुधा हाच पहिला माणूस. पॉलिश करणारा मात्र त्याच्या पायाशी नुसता अंधूक डाग होऊन राहिलाय. त्याचे हात चालू होते ना!

समुद्राचे फोटो काढणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. लाट थांबत नाही. शिवाय त्या काळची ओल्या कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलायची. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरंफटक पडलेलं असायचं. १८५६-५७च्या सुमारास फ्रान्सच्या किनाऱ्यांवर फिरणाऱ्या गुस्ताव्ह ल ग्रे यानं यावर तोडगा काढला. समुद्र एका काचेवर घ्यायचा, ढग दुसऱ्या काचेवर आणि छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जोडायचे. सेत गावची त्याची ‘मोठी लाट’ अशीच जोडून केलेली आहे. आपल्या फोनमधलं एचडीआर वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम जोडतं, तेव्हा ते ल ग्रेचंच काम करत असतं.

त्याची सगळी धडपड लाट थांबवण्यासाठी होती. आपण मात्र पैसे मोजून उलटी वाट धरतो. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर म्हणजे लेन्सपुढची गडद काच. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे दहा स्टॉपला १०२४ पट कमी. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा आकडा लगेच ओळखीचा वाटतो. सेकंदाचा तिसावा भाग पुरला असता, तिथे आता शटर ३४ सेकंद उघडं ठेवावं लागतं. तिन्हीसांजेला उजेड आपणहून उतरत जातो, मग फिल्टर काढला तरी चालतं.

हर्णैच्या किनाऱ्यावर मी असे फोटो काढतो. सुवर्णदुर्ग जागचा हलत नाही, त्यामुळे त्याची तटबंदी रेखीव येते. लाटांचं धुकं होतं. नांगरलेल्या होड्या डुलत असतात, त्यांच्या कडा पुसट होतात. आणि त्याच वेळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगात आलेला असतो. पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या, डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं, बोलीभोवतीचा गलका. ३० सेकंदांत यातलं बहुतेक सगळं गायब. माणूस जातो, त्याच्या हातातल्या विजेरीची तेवढी रेघ उरते. असा फोटो इन्स्टाग्रामवर ‘शांत कोकण’ म्हणून छान खपतो.

हा फोटो खोटा नाही. सेन्सरपर्यंत पोचलेला प्रत्येक किरण खराच असतो. पण कॅमेऱ्याचा हिशेब सरळ आहे: जो एका जागी जास्त वेळ थांबेल, त्याची नोंद ठळक. किल्ला थांबतो, कातळ थांबतो, बूट पुढे करून उभा असलेला गिऱ्हाईक थांबतो. काम करणाऱ्याला थांबून चालत नाही. पर्यटनाच्या चित्रांतले किनारे इतके निर्मनुष्य दिसतात, त्याला निवडलेल्या जागेइतकंच शटरही कारणीभूत असतं. अशी चित्रं बघून आलेल्या पाहुण्याला मग जाळी, बर्फ आणि मासळीचा वास म्हणजे किनाऱ्यावरची अडगळ वाटू लागते. किनारा ज्यांच्या पोटापाण्याचा, तेच त्याला आगंतुक दिसतात.

म्हणून मी ल ग्रेसारखे दोन फोटो घेतो: एक ३० सेकंदांचा, दुसरा आयएसओ वाढवून सेकंदाच्या साठाव्या भागाचा. फक्त ते जोडत नाही, शेजारी शेजारी ठेवतो. दुसऱ्यात ग्रेन दिसतो, आकाशही फिकं पडतं. पण त्यात पाटी उचलणारा हात असतो.