राजसत्ता, द्रव्य आणि ख्रिस्तसभा

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा वृत्तान्त सांगणारे लेख वाचकांस ह्या स्मरणिकेंत मिळतीलच. आम्ही येथें एका निराळ्या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार करूं इच्छितों. निवडणूक आली, जमिनीचें वा कर्जाचें प्रकरण निघालें, म्हणजे भाविक आम्हांस विचारतात, "फादर, ह्यांत ख्रिस्तसभेनें पडावें काय?" कोणी म्हणतात, धर्मगुरूनें वेदीपुरतें पाहावें, कोणी म्हणतात, त्यानें पुढारी व्हावें. आमच्या मतें दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत.

प्रथम शिकवण पाहूं. १५ मे १८९१ रोजीं परमगुरु तेरावे लिओ यांनीं कामगारांच्या स्थितीविषयीं आपलें विश्वपत्र काढलें. त्यांत खाजगी मालमत्तेचा हक्क नाकारणाऱ्या समाजवादाचा निषेध आहे. पण मजुराची अडचण पाहून त्यास तुटपुंज्या वेतनावर राबविणाऱ्या धनिकाचाहि तितकाच निषेध आहे, आणि कामगारांस संघ स्थापण्याचा हक्क आहे असें स्पष्ट म्हटलें आहे. चाळीस वर्षांनीं, १९३१ सालीं, अकरावे पायस यांनीं त्यास जोड दिली कीं, जें काम लहान संस्था करूं शकते तें मोठ्या सत्तेनें तिच्या हातून काढून घेऊं नये. त्यांनींच मार्च १९३७ मध्यें पांच दिवसांच्या अंतरानें दोन विश्वपत्रें काढलीं. एकांत जर्मनींतील वंशपूजेचा आणि दुसऱ्यांत निरीश्वर साम्यवादाचा धिक्कार होता. तात्पर्य, ख्रिस्तसभा कोणत्याहि अर्थव्यवस्थेखालीं आपली सही करीत नाहीं. ती प्रत्येकीला एकच प्रश्न विचारते: तुझ्या राज्यांत दुबळ्याचें काय झालें?

हा प्रश्न नुसता विचारून भागत नाहीं, हें छोटा नागपूरचा इतिहास सांगतो. रांचीच्या आसपास मुंडा लोकांनीं रान तोडून शेतें केलीं होतीं. गांव वसविणाऱ्या घराण्यांचा त्या जमिनीवरील सामायिक हक्क खुंटकट्टी ह्या नांवानें ओळखला जाई. पुढें जमीनदार व ठेकेदार आले. त्यांनीं खंड लादला, वेठ घेतली, आणि कोर्टाची भाषा न कळणारा मुंडा आपल्याच शेतांत उपरा झाला. १८८५ सालीं बेल्जियमचे येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स तेथें आले. त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला, रयतेच्या तक्रारी ऐकून घेतल्या व दाव्यांत तिला सल्ला दिला. हजारों लोक ख्रिस्तसभेंत आले. पण फादरांची प्रकृति ढासळली. १८९२ सालीं ते मायदेशीं परतले आणि पुढील वर्षीं वारले.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली पाहिजे. पुष्कळ जण दाव्याच्या आशेनें आले होते, आणि आशा फळली नाहीं तेव्हां कित्येक माघारीहि गेले. शिवाय मिशन आपल्या बाजूचें कीं सरकारच्या, असा संशय लोकांच्या मनांत वाढत गेला. १८९९ च्या नाताळाच्या वेळीं बिरसा मुंडा यांचा उठाव झाला, तेव्हां सरवदा येथील मिशनावरहि बाण सुटले. तेथें जर्मन येशूसंघीय फादर योहान हॉफमन राहत होते.

त्या बाणांस हॉफमन यांनीं दिलेलें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटतें. त्यांनीं सूड मनांत धरला नाहीं कीं पळ काढला नाहीं. मुंडांची भाषा व रीतिरिवाज यांचा अभ्यास त्यांनीं तसाच चालू ठेविला आणि त्यांची भूमिव्यवस्था सरकारपुढें मांडली. १९०८ च्या छोटा नागपूर कुळकायद्यांत खुंटकट्टी हक्कांस जें संरक्षण मिळालें, त्यांत त्यांचा मोठा वाटा आहे. परंतु कर्ज तसेंच राहिलें तर कायद्यानें वांचविलेली जमीन सावकार मागील दारानें नेईल, हें ते जाणून होते. म्हणून १९०९ सालीं त्यांनीं कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. गरिबांनीं आपली अल्प बचत एकत्र करावी व एकमेकांस जामीन राहावें, हें तत्त्व जर्मनीच्या खेड्यांत राइफायझन नांवाच्या प्रॉटेस्टंट गृहस्थानें रुजविलें होतें. चांगली गोष्ट परक्या घरची म्हणून टाकावयाची नसते. पुढें महायुद्ध पेटलें आणि १९१५ सालीं, जर्मन म्हणून, हॉफमन यांस हिंदुस्थान सोडावें लागलें. संस्था मात्र टिकली, कारण ती फादरांची नव्हती, सभासदांची होती.

आपल्या वसईच्या वाचकांस येथें ओळखीची खूण पटेल. शेतकऱ्यास व कष्टकऱ्यास सावकाराचा उंबरा झिजवावा लागूं नये म्हणून मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं १९१८ सालीं जी सहकारी पतसंस्था उभारली, तीच पुढें बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. ज्या घरांनीं तिच्या आधारानें विहीर बांधली वा मुलांस शिकविलें, त्यांस ह्या तत्त्वाचा अर्थ आम्ही सांगावयास नको.

ह्या इतिहासापासून आम्ही दोन बोध घेतों. पहिला धर्मगुरूसाठीं: त्यानें अन्यायाचें नांव घ्यावें, वाट दाखवावी आणि मग बाजूस व्हावें. १९८३ च्या धर्मविधानानेंहि राजसत्तेचीं पदें त्यास वर्ज्य केलीं आहेत. दुसरा बोध प्रापंचिकांसाठीं: मत देणें, पंचायतींत बसणें, सहकारी संस्थेचा हिशेब चोख ठेवणें, हीं त्यांचींच कर्तव्यें होत, तीं फादरांवर ढकलतां येत नाहींत. आणि जो प्रश्न आपण सरकारास विचारतों तोच आपल्या संस्थांसहि विचारावा. ज्याला जामीन मिळत नाहीं असा शेजारी, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, आपल्या दारांतून रिकाम्या हातीं तर जात नाहीं ना?

२०२५ सालीं निवडून आलेल्या परमगुरूंनीं तेराव्या लिओंचें स्मरण ठेवून लिओ हेंच नांव धारण केलें. जुना प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं, हेंच त्यांनीं सुचविलें. ज्युबिलीच्या वर्षांत ऋण माफ करावें व जमीन मूळ धन्यास परत द्यावी, ही इस्राएली लोकांची प्राचीन रीत होती. ती आठवून हा महोत्सव साजरा करण्याची सुबुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.