डोळ्यात तेल घालून

आमचे गाव कयाधूच्या काठी, नामदेवांच्या नर्सीपासून कोसभर. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. माझ्या लहानपणी गावात वीज नव्हती. दिवाळीत अंगणात पणत्या लागल्या की थोरले काका ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहत. दिवस मावळला की त्यांना दिसेनासे होई, आणि मी बोट धरून त्यांना पानावर नेत असे. पुढे दिवसाही बांबूच्या नळीतून पाहावे तेवढेच दिसू लागले. पन्नाशीत तेही गेले.

आजी माळकरी. कुणीतरी सांगितले, रातांधळ्याला बकऱ्याची कलेजी द्या. तिने परसात तीन दगडांची वेगळी चूल मांडली, वेगळे मडके घेतले आणि नाकाला पदर लावून मुलासाठी ती शिजवली. महिनाभर हे चालले. गुण आला नाही. आपल्या हातून माळेला बट्टा लागला म्हणून देवाने यश दिले नाही, असे ती मरेपर्यंत म्हणे.

आजीचे काही चुकले नव्हते, हे मला फार उशिरा कळले. औषध खरे होते. सुश्रुतसंहितेतही नक्तांध्यावर बकऱ्याचे यकृत सांगितले आहे. यकृतात अ जीवनसत्त्व असते, आणि त्याच्या अभावाने आलेला रातांधळेपणा त्याने बरा होतो. पण काकांचा आजार निराळा. त्यात डोळ्याच्या पडद्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशीच एकेक करून मरत जातात. त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा म्हणतात. तो वंशातून येतो. आजीला तिच्या सख्ख्या मामालाच दिली होती. मराठवाड्यात त्याचे कुणाला नवल वाटत नसे. आईबापांकडून एकच दोष दोन्ही बाजूंनी मुलात उतरण्याचा संभव अशा लग्नात वाढतो. नागपूरजवळच्या खेड्यांत ४,७११ प्रौढांचे डोळे तपासले गेले, तेव्हा सुमारे ७५० माणसांमागे एकाला हा आजार आढळला. जगात हे प्रमाण साधारण ४,००० मागे एक असे धरतात.

मरू घातलेली पेशी वाचवता येईल काय? या प्रश्नाचा इतिहास एका निजायच्या खोलीत सुरू होतो. इटलीत १९३८ साली ज्यूंना विद्यापीठांची दारे बंद झाली. तेव्हा रिता लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टरीणबाईंनी तुरीन शहरातील आपल्या घरातच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांचे मज्जातंतू तपासले. युद्धानंतर त्या अमेरिकेत गेल्या. मज्जापेशींना वाढायला आणि जगायला शरीरातलाच एक रस लागतो, हे तेथे उघड झाले. त्यासाठी १९८६ साली त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

असे इतरही रस मग सापडत गेले. त्यांतला एक १९७९ साली कोंबडीच्या गर्भाच्या डोळ्यातच मिळाला; त्याचे नाव सिलिअरी न्यूरोट्रोफिक फॅक्टर. १९९० साली मॅथ्यू लाव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मजात आंधळे होत जाणाऱ्या उंदरांच्या डोळ्यांत अशाच दुसऱ्या एका रसाची सुई दिली, आणि मरणाऱ्या पेशी काही काळ तगल्या.

अडचण होती ती रस पोचवण्याची. गोळीतून तो पडद्यापर्यंत जात नाही, आणि सुईने दिलेला लवकर ओसरतो. म्हणून शास्त्रज्ञांनी तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे ६ मिलिमीटरची एक कुपी केली. तिच्यात हा रस स्रवणाऱ्या मानवी पेशी ठेवल्या. कुपीच्या भिंतीतून प्राणवायू व अन्न आत जाते, रस बाहेर झिरपतो. शरीराच्या पहारेकरी पेशींना मात्र आत शिरता येत नाही. कुपी डोळ्यात एका टाक्याने अडकवतात. डोळ्यात तेल घालून जागणे हा आपला वाक्प्रचार. येथे तो अक्षरशः खरा झाला.

२००६ साली काकांच्याच आजाराच्या दहा रुग्णांवरील पहिल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या, पण त्यांत दृष्टीला फायदा दिसला नाही. यश आले ते दुसऱ्याच एका आजारात. मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया टाइप २ या विकारात वाचनाची, मधली नजर झिजते. २२८ रुग्णांच्या दोन चाचण्यांत दोन वर्षांनंतर पेशींचा ऱ्हास एकीत सुमारे ५५ टक्क्यांनी आणि दुसरीत सुमारे ३१ टक्क्यांनी मंदावला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत या कुपीला मान्यता मिळाली. गेलेली नजर ती परत आणत नाही. उरलेली राखायला मदत करते, इतकेच.

हे सारे मी माझ्या भाचीला सांगितले. माझी बहीण आत्याच्या घरी दिलेली. भाचीला विसाव्या वर्षापासून संध्याकाळी अंधारून येते. ती म्हणाली, "मामा, ती कुपी मला बसवता येईल का हो?"

खोटा धीर देणारे पुष्कळ भेटतात. मी म्हणालो, "नाही, बाई. तुझ्या आजारात अजून ती उपयोगी ठरलेली नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादासाठी मामाची मुलगी पाहताहेत. ती सोयरीक तरी थांबवा."

मी थांबवली. घरात दोन महिने अबोला होता. या लक्ष्मीपूजनाला भाचीने पणत्या लावल्या. मी तिच्याजवळ उभा राहून तिला तेलाचे भांडे हातात देत होतो.