संगणकावर व्हायरसचा खोटा इशारा : घाबरू नका, फोन करू नका

गारगोटी (प्रतिनिधी) – एखादे संकेतस्थळ पाहत असताना अचानक संपूर्ण पडदा व्यापला जातो, भोंगा वाजू लागतो आणि 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे. संगणक बंद न करता त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा' अशी चौकट झळकते. शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा उतारे, वीजबिल आणि बँकेचे व्यवहार आता घरच्या संगणकावरून करता येतात. गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी तेवढीच कोल्हापूरची फेरी वाचते. तोच संगणक निकामी होणार या धास्तीने अनेकजण फोन उचलतात. वास्तविक निव्वळ ही चौकट दिसल्याने संगणकाचे काही बिघडत नाही. नुकसान होते ते तिचे सांगणे ऐकल्याने.

इशारा खोटा कसा?

ब्राउझरमधील कोणतेही पान तुमच्या संगणकातील सर्व फायली तपासू शकत नाही. पडद्यावर सरकणारी तपासणीची पट्टी आणि सापडलेल्या व्हायरसांची यादी हे केवळ रचलेले चित्र असते. चोरून दाखविलेले चित्रपट, फुकटची सॉफ्टवेअर अशा संकेतस्थळांवरील जाहिरातींतून ही पाने बहुधा उघडतात. सर्वांत मोठी खूण म्हणजे दूरध्वनी क्रमांक. आपल्या इशाऱ्यांत कधीही दूरध्वनी क्रमांक नसतो, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे.

जुनाच धंदा

हा प्रकार नवा नाही. 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर', 'एक्सपी अँटिव्हायरस' अशा नावांची निरुपयोगी सॉफ्टवेअर खोट्या तपासणीच्या आधारे दहा लाखांहून अधिक ग्राहकांच्या गळ्यात मारल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयात धाव घेतली होती. पुढे सॉफ्टवेअर विकण्याऐवजी फोनवर बोलावून लुटण्याची पद्धत रूढ झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र २' या मोहिमेत सीबीआयने देशात ७६ ठिकाणी छापे घातले. त्यांतील दोन प्रकरणे मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून नोंदविलेली, तांत्रिक साहाय्याच्या नावाखाली चालणाऱ्या बनावट कॉल सेंटरांची होती.

चौकट दिसताच काय करावे?

१. चौकटीतील कोणत्याही बटणावर, 'रद्द करा' यावरही, क्लिक करू नये. दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये.

२. पान पूर्ण पडदाभर पसरले असल्यास 'एस्केप' कळ काही क्षण दाबून धरावी. नंतर 'ऑल्ट' व 'एफ ४' या कळा एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा.

३. तरीही बंद न झाल्यास 'कंट्रोल', 'शिफ्ट' व 'एस्केप' एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करावे. तेही न जमल्यास संगणक सरळ बंद करावा.

४. ब्राउझर पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणण्यास नकार द्यावा.

५. शंका फिटावी म्हणून 'स्टार्ट'मधून 'विंडोज सिक्युरिटी' उघडून संपूर्ण तपासणी करावी. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही तपासणीची साधने विनामूल्य मिळतात. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले.

इशारे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वारंवार येत असतील, तर कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला 'अलाऊ' म्हटले गेलेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन्स' हा विभाग उघडून अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढून टाकावी. अनोळखी 'एक्स्टेन्शन'ही काढावीत.

फोन केला असेल तर?

पलीकडील व्यक्ती सहसा 'एनीडेस्क' किंवा 'टीमव्ह्यूअर' घ्यायला सांगते. ही सॉफ्टवेअर मुळात वैध आहेत. परंतु त्यांद्वारे तुमचा संगणक परक्याच्या हाती जातो. असे घडले असल्यास प्रथम इंटरनेट तोडावे, ते सॉफ्टवेअर काढून टाकावे आणि ई-मेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून बदलावेत. कार्डाचा तपशील दिला असल्यास बँकेला तत्काळ कळवून कार्ड बंद करावे.

पैसे गेले असल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठवण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचे. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' येथे घरबसल्या तक्रार नोंदविता येते. गारगोटीतील भुदरगड पोलिस ठाण्यातही तक्रार देता येईल. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पडद्याचे छायाचित्र, फोन क्रमांक व व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. तक्रारीत तोच पुरावा ठरतो.

घरातील वडीलधारी मंडळी आणि मुले यांना एक गोष्ट अवश्य सांगून ठेवावी : भोंगा कितीही वाजला तरी फोन करायचा नाही, पान बंद करायचे.